पडद्यांबाबतचा खुलासा

बारामती,
सोमवार, सकाळचे दहा

आदरणीय दादासो यांना कचरूचा सप्रेम जयभीम.

दादा, पाकीट पाहून दचकू नका, सगळे सुखरूप आहेत. हल्ली घरी पत्र आलं की माणसं आधी जमिनीचे उतारे शोधायला लागतात, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. तुमचा डावा गुडघा कसा आहे? (उजवा असेल तर उजवा.) वहिनींची शुगर, प्रगतीची परीक्षा, गाभण गाय, सगळं व्यवस्थित असेल अशी आशा करतो. आमच्याकडे सगळं ठीक आहे. आमच्याकडे म्हणजे सध्या माझ्याकडे. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर तुमच्या घरी फोन प्रगती उचलते, लगेच स्पीकर चालू करते आणि मोबाइल ओट्यावर मधोमध ठेवते. त्यानंतर मी जे बोलतो ते तुम्ही, वहिनी, दूध न्यायला आलेली दोन माणसं आणि गाय असे सगळे मिळून ऐकता. अशा भरसभेत माणूस पावसापाण्याशिवाय दुसरं काय बोलणार? गेल्या अकरा दिवसांत मी तुमच्याकडच्या पावसाची नऊ वेळा चौकशी केली, आणि पावसाला अजून अडीच महिने आहेत.

ताईबाई तुमच्याकडे येऊन आज अकरा दिवस झाले. तिला लवकर पाठवा असं सांगायला हे पत्र लिहिलेलं नाही. बाईनं माहेरी मनसोक्त राहावं याच मताचा मी आहे (हे मत मी पाचव्या दिवसापर्यंत अगदी मनापासून बाळगलं). पत्राचं कारण एवढंच, की आम्ही मध्यंतरी थोडक्यात घर सजवलं, त्याची हकिगत थोरल्या माणसाच्या कानावर घालावी. तिनं तुम्हाला काय सांगितलंय ते मला माहीत नाही. रंगाचा वास सोसेना म्हणून आले, असं सांगितलं असेल तर ते धरून चालू नका. वास चौथ्या दिवशीच गेला होता.

तुम्हाला माहीतच आहे, वालचंदनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आम्ही छत्तीस वर्षं काढली. त्या छत्तीस वर्षांत मी भिंतीला एक खिळा मारला नाही. कुणाची मनाई होती म्हणून नव्हे. घर आपलं नाही, जसं मिळालं तसं परत द्यायचं, हा माझाच नियम. कॅलेंडर खिडकीच्या कडीला, आरसा कपाटावर टेकवलेला, आणि बाबासाहेबांचा व बुद्धांचा फोटो आमच्या आधी राहून गेलेल्या गृहस्थानं मारलेल्या दोन खिळ्यांवर. (तो कोण होता माहीत नाही, पण त्याचं कल्याण होवो.) आठ महिन्यांपूर्वी बारामतीत स्वतःच्या घरात आलो. चार पांढऱ्या भिंती, खाली चकचकीत फरशी. ताईबाई त्या घरात बँकेत नंबर यायची वाट बघत बसल्यासारखी बसायची. आणि संध्याकाळी दिवे लागले की मला विचारायची, "घरी कधी जायचं?" मग तिच्याच लक्षात यायचं, हसायची आणि आत जायची. पहिल्यांदा मीही हसलो. पुढं पुढं हसू येईना. दादा, खरं सांगतो, ते वाक्य मला फार लागायचं. फंडातली पुंजी ओतून घर बांधावं आणि बायकोनं त्यात पाहुण्यासारखं बसावं, यापरीस भाड्याचं बरं.

अशात आमच्या रश्मीनं पुण्याहून व्हिडिओ कॉल केला, मोबाइल घरभर फिरवायला लावला आणि म्हणाली, "पप्पा, घर छान आहे, पण घराला कॅरेक्टर नाही." आपल्याकडे कॅरेक्टर माणसाचं बघतात, तेही लग्न जमवताना. तिनं समजावून सांगितलं की घरात राहणाऱ्या माणसांची खूण घरावर दिसली पाहिजे, आणि त्याला फार खर्च लागत नाही. मग तिनं मला एकामागून एक व्हिडिओ पाठवले. प्रत्येकात एक स्वच्छ नखांची मुलगी चार मिनिटांत घरातल्या भंगारातून शोभेची वस्तू बनवते. भंगार आमच्याकडे होतं. निवृत्त माणसाकडे चार मिनिटंही असतात. मी ताईबाईला म्हटलं, तू फक्त बघत राहा. ती म्हणाली, "बघतीया की."

सुरुवात भिंतीपासून केली. व्हिडिओत असं होतं की चारही भिंती रंगवायच्या नसतात, एकच रंगवायची, म्हणजे खोलीला उठाव येतो. आमचे एक जुने सोबती हल्ली मशीन रंगवायची छोटी कामं घेतात, त्यांच्याकडे दोन डबे उरले होते. ते त्यांनी प्रेमानं दिले. डब्यावर रंगाचं नाव नव्हतं, नुसता आकडा होता. मी स्पिरिट लेव्हल लावून, कडेला टेप मारून, दोन हात दिले. वाळल्यावर लांब उभा राहून पाहिलं. तो लेथ मशीनचा रंग होता, दादा. तोच हिरवट करडा. आमच्या हॉलमध्ये दहा फूट बाय नऊ फूट लेथ उभी राहिली होती. त्या भिंतीसमोर मला दुपारची झोप लागेना, कारण त्या रंगासमोर झोपायची सवयच नाही. (एकदा झोपलो होतो, सेकंड शिफ्टला, पण ते जाऊ द्या.) ताईबाईनं भिंत पाहिली आणि एवढंच म्हणाली, "आता डबा भरून देऊ का?"

भिंतीवरून लक्ष उडावं म्हणून बाटल्या केल्या. काचेच्या रिकाम्या बाटलीला सुतळी गुंडाळायची, त्यात पाणी घालून मनी प्लांटची फांदी सोडायची, आणि अशा बाटल्या खिडकीत ओळीनं ठेवायच्या. दिसायला खरंच सुंदर दिसतं. आता बाटल्या आणायच्या कुठून? आयुष्यात मी दारूला शिवलो नाही हे तुम्हाला माहीत आहे. विहारात दर रविवारी पंचशील सांगायला मीच उभा असतो. भंगारवाल्याकडे मात्र आकाराआकाराच्या बाटल्या होत्या. सतरा निवडल्या, पोत्यात घातल्या आणि खांद्यावर टाकून कॉलनीतून निघालो. पोतं चालताना वाजतं हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. विहार कमिटीचे अध्यक्ष समोरून आले, पोत्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अतिशय हळू आवाजात म्हणाले, "कचरूराव, रिटायर झाल्यावर हुतं आसं. घाबरू नगा. आमी हाय." मी खुलासा करायला तोंड उघडलं तर त्यांनी माझा हात दाबला. पुढच्या रविवारी पाचवं, दारू न पिण्याचं शील सांगताना अख्खं विहार माझ्याकडे दयेनं पाहत होतं. शेवटी ताईबाईनं बायकांमध्ये उठून सांगितलं की ह्यांनी बाटल्या झाडं लावायला आणल्यात. त्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही, उलट तिचीही कीव करायला लागले.

त्यानंतर तुम्हीच लोणीच्या एमआयडीसीतून टेम्पोत घालून पाठवलेल्या, मशीन ठेवायच्या लाकडी पॅलेटचा कोच. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले होते ते आता मानतो. चार पॅलेट, वर जुनी गादी, कोच तयार. मजबूत इतका की त्यावर गिअरबॉक्स ठेवला तरी वाकणार नाही, कारण तो त्यासाठीच केलेला होता. नुसतं पॉलिश पेपर मारायचा कंटाळा केला, ती चूक झाली. पहिल्या पाहुण्यांना चिमट्यानं लाकडाची कुसळं काढून द्यावी लागली. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत 'वरची बाजू' आणि बाण छापलेला आहे तो मी मुद्दाम ठेवलाय. ताईबाईला तो बघून खूप हसू आलं होतं. त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत मधूनमधून हसत होती, आणि मला वाटलं, जमतंय.

आता पडदे.

(दादा, तिनं तुम्हाला हे सांगितलं असेल तर इथून पुढं नाही वाचलं तरी चालेल. सांगितलं नसेल तर जरा बसून वाचा.)

व्हिडिओत असं होतं की खिडकीला पांढरं, मऊ, सुती कापड लावावं. नवीन घेऊ नये, घरातली जुनी साडी वापरावी, त्यात घराची आठवण असते. हे मला पटलं. ताईबाई त्या दिवशी रश्मीकडे पुण्याला गेली होती आणि संध्याकाळी परत येणार होती. येईपर्यंत पडदे लावून तिला चकित करावं असं मी ठरवलं. कपाट उघडलं. मी काही अगदीच अडाणी नाही. रेशमी साड्यांना हात लावला नाही. विहारात नेसायच्या तिच्या तीन पांढऱ्या साड्या ओळखल्या आणि बाजूला ठेवल्या. मग गोधडीसाठी राखलेल्या चिंध्यांचं गाठोडं सोडलं. त्यात अगदी तळाला, पंच्यात गुंडाळलेलं एक जुनं पांढरं लुगडं होतं. नऊवारी. दोन्ही खिडक्यांचं काम एकाच कापडात भागणार, याचा मला झालेला आनंद मी आता लिहू शकत नाही. मी ते टेबलावर पसरलं, छत्तीस वर्षं लोखंडावर मार्किंग केलं तसं तीन वेळा माप घेतलं, खडूनं रेघ ओढली आणि बरोबर मधोमध कापलं. एका सुताचा फरक नाही. माप चुकलं असतं तर निदान थांबलो तरी असतो.

ते आईचं लुगडं होतं. तुमच्या आईचं. दौंडहून रेल्वेनं पहिल्यांदा नागपूरला दीक्षाभूमीवर जाताना त्यांनी घेतलेलं, आणि नंतर वर्षातून एकदाच, धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी नेसायचं. चोर आला तर दागिने शोधंल, चिंध्यात कोण हात घालतंय, म्हणून ताईबाईनं ते गाठोड्याच्या तळाशी ठेवलं होतं. चोराचा हिशेब तिनं केला होता, नवऱ्याचा केला नव्हता.

ती आली तेव्हा खिडक्या उघड्या होत्या आणि पडदे हलत होते. मी उत्साहानं रिंगा कशा बसवल्या ते सांगत होतो. तिनं पडदा हातात धरला, नाकाशी नेला. मग शांतपणे विचारलं, "कशानं कापलं?" मी म्हणालो, "कात्रीनं. आजच धार लावून आणली." दादा, जगात याहून वाईट उत्तर असेल तर मला माहीत नाही. तिनं भाकरी केल्या, मला वाढलं, स्वतः अर्धी खाल्ली. ते काय होतं हे मला तिनं झोपताना सांगितलं, तेही दोन वाक्यांत. सकाळी बॅग भरली आणि म्हणाली, "दादाकडं जाऊन येते." 'जाते' म्हणाली नाही, 'येते' म्हणाली. रीतीनं सगळेच तसं म्हणतात हे मला कळतं, पण अकरा दिवस मी त्या एका शब्दावर काढले.

मधल्या काळात मी लुगडं जोडता येईल का बघितलं. बिरदेव टेलर माझ्या ओळखीचा आहे. त्यानं दोन्ही तुकडे उजेडात धरले, सुताचा पोत बोटानं चाचपला आणि मान हलवली. मी म्हटलं, लोखंडाला वेल्डिंग करून ग्राइंडर मारला की जोड कुठं होता ते सांगता येत नाही. तो म्हणाला, "कचरूतात्या, शिवण दिसनारच. कापड हाय, लोखंड न्हाय." म्हणून परत आणलं आणि होतं तिथं टांगलं. संध्याकाळी मी त्या खोलीत बसतो. लेथची भिंत आहे, बाटल्या आहेत, बाण आहे. पण रश्मी म्हणते ती माणसांची खूण त्या खोलीत कशानं आली असेल तर त्या दोन पडद्यांनी. आणि तेवढेच माझे नव्हेत. मला याची लाज वाटते आणि फार वाईट वाटतं. ते तुम्हाला सांगायचं होतं, ते सांगितलं. बाकी माझं काही मागणं नाही. उत्तराची घाई नाही. वहिनींना जयभीम, प्रगतीला आशीर्वाद.

आपला,
कचरू

ता. क. १ (बारामती एसटी स्टँड, साडेअकरा) : पोस्टात टाकलं तर चार दिवस जातील, म्हणून इंदापूर गाडीच्या कंडक्टरकडे द्यावं असं ठरवून स्टँडवर आलो. कंडक्टर म्हणाला, पार्सल घेतो, पत्र घेत नाही. तेव्हा पत्राबरोबर मी स्वतःही बसलो आहे. पूर्ण तिकीट काढलंय, ज्येष्ठ नागरिकाच्या अर्ध्या तिकिटाला अजून वेळ आहे. गैरसमज नको, इंदापूरहून तुमच्या लोणीकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती देऊन मी माघारी फिरणार आहे.

ता. क. २ (इंदापूर स्टँड, दीड) : ओळखीचं कुणी भेटलं नाही. (फार शोधलंही नाही.) दादा, आता खरं ते मागतो. माझ्या लग्नात आमच्या वडिलांनी मला सांगितलं होतं, की जावयानं बोलावल्याशिवाय सासुरवाडीची पायरी चढायची नाही. आजवर ते मोडलेलं नाही. तेव्हा तुम्ही मला बोलवा. कारण कुठलंही चालेल. विहिरीवरच्या मोटरचं बेअरिंग आवाज करतंय म्हणा. करत नसलं तरी मी दुरुस्त करीन. पत्र वाचून झाल्यावर तुम्ही 'या' म्हणालात असा निरोप फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर पाठवा. मी तिथं आहे. म्हणजे असेन. पिशवीत लुगड्याचे दोन्ही तुकडे आणलेत, कालच धुऊन, इस्त्री केलेले.

ता. क. ३ (लोणी फाटा, साडेतीन) : दुसरा चहा झाला. प्रगतीची स्कूटी येताना दिसतेय, तिच्याच हाती पाकीट देतो. मागं कुणीतरी बसलंय. थांबा. मागं तुमची बहीण आहे आणि तिच्या मांडीवर बॅग आहे.

ता. क. ४ (मंगळवार, बारामती, घरून) : पुढचं प्रगतीनं सांगितलंच असेल, पण ती स्कूटी वळवून गेल्यावरचं तिला माहीत नाही. पाकीट माझ्या खिशातच राहिलं. ताईबाई टपरीच्या बाकावर माझ्या शेजारी बसली. पिशवीकडे बघून म्हणाली, "त्यात काय हाय?" मी म्हणालो, "लुगडं." तिनं पिशवी ओढून मांडीवर घेतली. मग म्हणाली, "मी तुमच्यावर रागावून न्हाय गेले. आईचं लुगडं माझ्या एकटीचं न्हवतं, दादाचंबी व्हतं. त्येला सांगाया गेले हुते. अकरा दिस सांगवंना. सांगितलं तर दादा तुमाला काय म्हनंल, म्हनून त्वांडच उघडंना. शेवटी निघाले तशीच."

दादा, इतके दिवस मी तिच्या रागाला भीत बसलो होतो, आणि ती तिकडं तुमच्या ओट्यावर बसून मला झाकत होती. म्हणून हे पत्र एक ओळही न खोडता, आज पोस्टातच टाकतोय. तिला सांगवलं नाही ते यात सगळं आहे. पत्र टाकलंय हे तिला माहीत नाही. दोन्ही तुकडे घडी करून कपाटात ठेवलेत. तुम्ही या, बघा आणि सांगाल तसं करू. लावा म्हणालात तर लावू, नाहीतर एक तुम्ही न्या, एक तिच्याकडे राहील. जे बोलायचं असेल ते मला बोला, कितीही बोला, पण तिला एका शब्दानं बोलू नका. ती चहा टाकायला आत गेली की सुरुवात करा. चहा येईपर्यंत आपलं आटपलं पाहिजे.